जुन्या शिडाच्या बोटीचा इंजिन अलार्म: बझरपासून ब्लॉकपर्यंत तपासणी आणि दुरुस्ती

मागच्या जुलैतली गोष्ट. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात, थॉमस पॉइंटच्या दीपगृहाच्या जरा दक्षिणेला वारा पूर्ण पडला. शिडं गुंडाळली आणि इंजिनवर परत निघालो. सकाळी धक्का सोडताना चावी फिरवली तेव्हा बझर खणखणीत वाजला होता आणि इंजिन सुरू होताच दोन सेकंदांत थांबला होता. अलार्म शाबूत आहे, याची मला खात्री होती. तासाभराने केबिनमधून जळक्या रबराचा वास आला. बझर मात्र गप्पच. मागे वाकून पाहिलं तर धुराबरोबर पडणारं पाणी बंद झालेलं. इंजिन बंद केलं, नांगर टाकला. बुडाला पाणी ओढून घेण्याचं जे भोक असतं, त्यावर प्लास्टिकची पिशवी चिकटली होती. पंपातल्या इंपेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या रबरी चक्राच्या) पाती तुटल्या होत्या आणि एक्झॉस्टचा रबरी पाइप आतून करपला होता.

बझर का वाजला नाही, ते दुसऱ्या दिवशी कळलं. टेम्परेचर स्विचकडे जाणारी तार काळ्या चिकटपट्टीच्या आत कधीचीच कुजून तुटलेली होती. सकाळी मी जो आवाज ऐकला, त्याने फक्त ऑइल प्रेशरची वाट तपासली होती. पाण्याच्या तापमानाची वाट चावी फिरवून कधीच तपासली जात नाही. जुन्या बोटी वापरणाऱ्या कितीतरी अनुभवी लोकांनाही हे माहीत नसतं, म्हणून हा लेख इतका सविस्तर लिहितो आहे.

माझी बोट १९८६ ची, ३० फुटी, आणि इंजिन यान्मार २जीएम२०: दोन सिलिंडरचं, साधारण १८ अश्वशक्तीचं डिझेल, समुद्राच्या पाण्याने थेट थंड होणारं. याच इंजिनाच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर त्यात कूलंट फिरतं आणि समुद्राचं पाणी फक्त त्या कूलंटला थंड करतं. खालची पद्धत त्या काळातल्या बहुतेक छोट्या डिझेल इंजिनांना लागू पडते, कारण अलार्मची जोडणी जवळपास सगळीकडे सारखीच असते. बोटीत पेट्रोल इंजिन असेल, उदाहरणार्थ जुन्या अमेरिकन बोटींमधलं ॲटॉमिक ४, तर कुठलीही तार हलवण्याआधी इंजिनाची खोली उघडी टाका, ब्लोअर (आतली हवा बाहेर फेकणारा पंखा) चालवा आणि बुडातल्या पाण्याजवळ नाक नेऊन वास घ्या. पेट्रोलची वाफ खाली साचते आणि एक ठिणगी पुरते.

आधी जोडणी समजून घ्या

बॅटरीचा प्लस चावीतून पॅनेलपर्यंत येतो. तिथून तो बझरला आणि दिव्यांना मिळतो. बझरची आणि दिव्यांची दुसरी टोकं तारेने थेट इंजिनावरच्या स्विचपर्यंत जातात. हे स्विच एकाच टोकाचे असतात. त्यांची पितळी बॉडी इंजिनात घट्ट बसते आणि तिथूनच बॉडी अर्थ मिळतो. स्विच मिटला की मायनसची वाट पूर्ण होते, बझर वाजतो, दिवा लागतो. बस, इतकंच. यात कुठेही इलेक्ट्रॉनिक मेंदू नाही, त्यामुळे घरच्या घरी दुरुस्ती करणं शक्य आहे.

ऑइल प्रेशर स्विच प्रेशर नसताना मिटलेला असतो. म्हणून इंजिन बंद असताना चावी फिरवली की बझर वाजतो आणि प्रेशर चढलं की थांबतो. टेम्परेचर स्विच उलटा: थंड असताना उघडा, गरम झाल्यावर मिटणारा. तो थंड इंजिनात गप्प राहणारच. तार तुटलेली असली तरी गप्प, स्विच मेलेला असला तरी गप्प. चांगल्या आणि बिघडलेल्या स्थितीत बाहेरून काडीचा फरक दिसत नाही.

दोन स्विच आणि एकच बझर, तर दोन्ही दिवे एकदम का लागत नाहीत? बझर आणि प्रत्येक तारेच्या मधे एकेक डायोड असतो. तो प्रवाह एकाच दिशेने सोडतो, म्हणून ऑइलचा स्विच मिटला तरी तापमानाचा दिवा लागत नाही. जुन्या पॅनेलमध्ये हा डायोड बारीकशा सर्किट बोर्डवर असतो आणि खाऱ्या हवेने त्याचे पाय गंजलेले सापडतात.

काही बोटींमध्ये, विशेषतः ॲल्युमिनियमच्या, इंजिन बॉडी अर्थपासून वेगळं ठेवलेलं असतं आणि स्विचला दोन टोकं असतात. तुमच्या स्विचवर दोन तारा दिसल्या तर पुढे जिथे ‘ब्लॉकला’, म्हणजे इंजिनाच्या मुख्य लोखंडी ठोकळ्याला, ‘टेकवा’ लिहिलं आहे, तिथे त्या दोन तारा एकमेकींना जोडा.

लागणारं सामान

साधा मल्टिमीटर, त्यात वाट सलग असली की ‘बीप’ वाजणारी कंटिन्युइटीची सोय असलेला. एक लांब तार, दोन्ही टोकांना क्लिप. पाने, बारीक पॉलिश पेपर, चांगल्या प्रतीचं क्रिम्पिंगचं (तारेवर थिंबल दाबून बसवायचं) हत्यार. कथिलाचा मुलामा दिलेली तार, आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, रिंग थिंबल (तारेच्या टोकाला बसवायची धातूची कडी). तारेच्या जाडीत काटकसर नको. अमेरिकन बोटींसाठी एबीवायसीचा (बोटींची मानकं ठरवणाऱ्या तिथल्या संस्थेचा) जो विजेचा नियम आहे, तो सुट्या तारेला १६ गेजपेक्षा बारीक जाऊ देत नाही; म्हणजे सुमारे १.३ चौरस मिलिमीटर. भारतात १.५ ची तार सहज मिळते, ती घ्या. एवढ्याशा बझरला इतकी तार विजेच्या हिशेबाने लागत नाही. पण थरथरत्या इंजिनाजवळ बारीक तार तुटते.

पहिली पायरी: नुसतं ऐका आणि बघा

इंजिन बंद, चावी ऑन. काय होतं ते कागदावर लिहा.

दिवेही नाहीत, बझरही नाही: चूक चावीपर्यंतच्या वाटेवर आहे. फ्यूज बघा, चावीच्या मागची टोकं बघा आणि पॅनेल ते इंजिन या वाटेवरचा मोठा प्लग उघडा. जुन्या बोटीत निम्मे रोग या प्लगमध्ये सापडतात. आतल्या पिना हिरवट झालेल्या असतात आणि एखादी जळून काळी पडलेली असते. काळी पडलेली असेल तर नुसती घासून परत लावू नका. त्याच प्लगमधून चार्जिंगचा मोठा प्रवाहही जात असेल, तर तो प्लग तापतो आणि आग लागू शकते. प्लग कापून टाका आणि त्या जागी टर्मिनल स्ट्रिप बसवा किंवा तारा सलग जोडा.

ऑइलचा दिवा लागतो, बझर नाही: बझर, त्याचा डायोड किंवा त्यांच्या जोडण्या.

बझर वाजतो, दिवा नाही: बल्ब गेला आहे. बदला, पण इथे एक सावधगिरी. चार्जिंगच्या दिव्यातून जाणारा थोडासा प्रवाहच पुष्कळ अल्टरनेटरांना जागं करतो. त्या जागी एलईडी लावला तर अल्टरनेटर चार्जिंग सुरूच न करण्याची शक्यता असते. तिथे मूळ वॅटचाच बल्ब लावा.

ऑइलचा दिवा आणि बझर दोन्ही गप्प, पण चार्जिंगचा दिवा ठीक: ऑइल स्विच किंवा त्याची तार.

इंजिन सुरू झाल्यावरही बझर वाजत राहिला तर ती वेगळी गोष्ट आहे, तिच्याकडे पुढे येतो. पण त्या क्षणी करायचं एकच: इंजिन बंद. बझर खोटं बोलतो आहे असं धरून चालायचं नाही.

दुसरी पायरी: तार ब्लॉकला टेकवा

या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी चाचणी हीच, आणि ती दोन मिनिटांत होते. चावी ऑन, इंजिन बंद. ऑइल स्विचवरची तार काढा. बझर थांबायला हवा. आता ती तार इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूला टेकवा. बझर वाजला तर पॅनेल, डायोड, बझर आणि तार सगळं ठीक आहे. स्विच किंवा त्याचा अर्थ वाईट. नाही वाजला तर चूक पॅनेलकडे.

मग टेम्परेचर स्विचची तार काढून तिचीही तशीच परीक्षा. ऑइलची तार मोकळी ठेवून ही चाचणी करा, म्हणजे बझर कोणामुळे वाजतो याचा घोळ होत नाही. तार मूळ लांबीइतकीच हलवा. ओढून बघताना कुजलेली तार हातात येते, जशी माझ्या हातात आली.

टेकवल्यावरही वाजत नसेल तर लांब तारेची एक क्लिप ब्लॉकला लावा आणि दुसरं टोक घेऊन पॅनेलकडे चाला. आधी प्लगच्या इंजिनाकडच्या बाजूला टेकवा, मग पॅनेलकडच्या बाजूला, मग थेट बझरच्या मायनसला. जिथे पहिल्यांदा वाजेल, त्याच्या आणि आधीच्या ठिकाणाच्या मधे दोष आहे. बझरच्या पायालाच टेकवूनही गप्प असेल तर बझरच्या प्लसवर व्होल्टेज मोजा. १२ च्या आसपास मिळत असेल तर बझर मेला. बॅटरी १२.६ दाखवते आणि बझरच्या प्लसवर १० मिळतात, तर वाटेत कुठेतरी गंज आहे. नवा बझर लावूनही तो कुजबुजतच राहील, म्हणून आधी ती वाट साफ करा.

तिसरी पायरी: स्विचची परीक्षा

ऑइल स्विच जागेवरच तपासता येतो. तार काढून मीटरचं एक टोक स्विचच्या पिनेला, दुसरं ब्लॉकला. इंजिन बंद असताना बीप, सुरू झाल्यावर काही क्षणांत बीप बंद. इंजिन चालू असताना हात घालायचा म्हणजे सैल बाही, गळ्यातली साखळी आणि लोंबणारी मीटरची तार पट्ट्यापासून लांब.

टेम्परेचर स्विच मात्र बाहेर काढूनच तपासा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. थेट समुद्राचं पाणी असेल तर सी-कॉक (बुडातून पाणी आत घेणारी तोटी) बंद करा; कूलंट असेल तर स्विचच्या पातळीखाली येईल इतकं काढून घ्या. मग स्विच घरी आणा. एका पातेल्यात पाणी, त्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर, आणि स्विच तारेने असा टांगा की पितळी टोक बुडेल, वरची पिन कोरडी राहील आणि तो पातेल्याच्या बुडाला टेकणार नाही. मीटर पिन आणि बॉडीला लावा, गॅस मंद ठेवा. बीप कुठल्या अंशावर वाजतो ते लिहा, मग गॅस बंद करून पाणी निवताना बीप कुठे थांबतो तेही लिहा.

समुद्राच्या पाण्याने थेट थंड होणाऱ्या इंजिनाचा स्विच साधारण ६० अंशांच्या आसपास मिटतो, कूलंटच्या इंजिनाचा ९५ च्या आसपास. नेमका आकडा आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या. हा फरक उगीच नाही. खारं पाणी जास्त तापलं की त्यातले क्षार इंजिनाच्या आतल्या वाटांवर थर धरतात, म्हणून अशी इंजिनं मुद्दाम थंड चालवतात. दुकानात दोन्ही स्विच सारखेच दिसतात. ६० च्या जागी ९५ चा बसवला तर अलार्म वाजेपर्यंत उशीर झालेला असतो. उलट केलं तर सारखा वाजत राहतो आणि मग वैतागून कुणीतरी तार कापतो. नवा स्विचसुद्धा पातेल्यात तपासल्याशिवाय मी लावत नाही. (पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळतं, तरी ९५ चा स्विच तिथेही तपासता येतो.)

चौथी पायरी: स्विच बदलताना

यान्मारच्या ऑइल स्विचचे आटे १/८ इंची ब्रिटिश टेपर पाइपचे आहेत, इंचाला २८. अमेरिकन दुकानात मिळणारा १/८ इंची पाइप आटा इंचाला २७ चा असतो. पहिले दोन-तीन आटे तो मस्त बसतो, मग अडकतो, आणि जोर लावला तर ब्लॉकमधले आटे जातात. हाताने सहज फिरत नसेल तर थांबा.

टेफ्लॉन टेपचे वेढे देऊ नका. स्विचला मायनस आट्यांतूनच मिळतो, आणि जाड टेपने तो तुटू शकतो. पहिले दोन आटे मोकळे सोडून सीलंटचा पातळ हात पुरतो. बसवल्यावर स्विचच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत रोध मोजा. जवळजवळ शून्य हवा. जास्त दाखवत असेल तर स्विचच्या आधी बॅटरीपासून इंजिनापर्यंतची जाड अर्थ केबल बघा. तिचं इंजिनाकडचं थिंबल बहुधा रंगाखाली गंजलेलं असतं.

बझर बदलणं

१२ व्होल्टचा पिएझो बझर घ्या, सलग आवाजाचा. तो अगदी थोडा प्रवाह घेतो, त्यामुळे जुन्या स्विचवर आणि डायोडवर ताण येत नाही. आवाजाचा विचार मात्र नीट करा. घरात हातात धरून वाजवलेला बझर कानठळ्या बसवतो; तोच पॅनेलच्या मागे, इंजिनाच्या घरघरीत, वारा कानात असताना ऐकूच येत नाही. ९५ डेसिबलच्या खाली जाऊ नका. वय वाढतं तसे उंच पट्टीचे स्वर ऐकू येणं कमी होतं, म्हणून बोटीवर ज्येष्ठ मंडळी असतील तर जरा खालच्या पट्टीचा निवडा. माझे वडील इथे आले होते, तेव्हा किणकिणता बझर त्यांना सुकाणूजवळ बसून ऐकू येईना. मी तो त्याच आठवड्यात बदलला.

तोंड खाली करून बसवा, म्हणजे लाटेचं पाणी आत साचणार नाही. पिएझोला प्लस-मायनस असतो, उलटा जोडला तर वाजत नाही. प्लस चावीनंतरच्या फ्यूज असलेल्या तारेवर. मायनसपासून दोन डायोड, १एन४००७ जातीचे, एक ऑइलच्या तारेला, एक तापमानाच्या. डायोडवरचा रुपेरी पट्टा इंजिनावरच्या स्विचच्या बाजूला. डायोडचे पाय उघडे सोडू नका. कथिलाचा डाग देऊन (सोल्डर करून) दोन्ही बाजूंनी तार जोडा, वर स्लीव्ह चढवा आणि तार बांधून टाका, म्हणजे झटका डागावर येणार नाही. बाकीचे सगळे सांधे क्रिम्पिंगचे हवेत. बोट सतत थरथरते आणि नुसता डाग दिलेला सांधा कडेला चिरतो.

मोठा हॉर्नच हवा असेल तर तो थेट स्विचवर टाकू नका. मधे रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) घाला: बझरच्या जागी रिलेची कॉइल, आणि रिलेतून हॉर्नला वेगळा फ्यूज असलेला प्लस. कॉइलवर एक डायोड उलटा लावा, पट्टा प्लसकडे.

इंजिन चालू असताना बझर थांबतच नाही

इंजिन बंद केल्यावर ऑइलची कांडी बघा. ऑइल पुरेसं आहे, दुधाळ नाही, डिझेलचा वास नाही, तर चावी ऑन करून ऑइल स्विचची तार काढा. तरीही वाजत असेल तर तापमानाची तार काढा. दोन्ही काढूनही वाजतो आहे, म्हणजे एखादी तार सोलून ब्लॉकला टेकली आहे. ती शोधा, बहुधा क्लॅम्पखाली सापडते. ऑइलची तार काढल्यावर थांबला, तर प्रश्न स्विच की प्रेशर एवढाच उरतो. स्विच काढून त्या भोकात यांत्रिक गेज लावा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. अंदाजाने नवा स्विच लावून बंदरातून निघणं मला पटत नाही, कारण जुना स्विच चांगलाच निघाला तर आपण बेअरिंगशी खेळतो आहोत.

तासभर चालल्यावर, गरम इंजिन हळू आरपीएमवर असताना बझर मधूनच टिकटिकतो, हीही तक्रार असते. ऑइल गरम होऊन पातळ झालं की प्रेशर उतरतं. तिथेही गेजच लावायचा.

एक्झॉस्टचा अलार्मही बसवा

माझी टेम्परेचरची तार शाबूत असती, तरी बझर उशिराच वाजला असता. पाणी बंद झालं की सगळ्यांत आधी एक्झॉस्टचा रबरी पाइप तापतो, अगदी मिनिटाभरात. इंजिनाचा लोखंडी ब्लॉक तापायला वेळ लागतो. शिवाय कूलंटच सांडून गेलं, तर टेम्परेचर स्विच कोरड्या पोकळीत लटकतो आणि त्याला काहीच कळत नाही. म्हणून पाणी मिसळतं त्या कोपऱ्यानंतर लगेच रबरी पाइपवर पट्ट्याने बांधायचा सेन्सर घ्या. हे सेन्सर साधारण ७५ अंशांजवळ मिटतात. निरोगी बोटीत तिथे हात ठेवता येतो, त्यामुळे उगीच वाजत नाही. रबरी पाइपातून अर्थ मिळत नाही, म्हणून त्याची एक तार मायनसला लावा; दुसरी तिसरा डायोड घालून त्याच बझरला जोडता येते. मुंबईच्या बंदरात किंवा मांडवीत बोट असेल, तर तिथल्या तरंगत्या प्लास्टिकमुळे मी हा सेन्सर आधी बसवेन आणि बाकीची दुरुस्ती नंतर. पावसाळाभर बंद पडून राहिलेल्या बोटीचे सगळे सांधे मोसम सुरू होताना एकदा उघडून बघा. दमट खारी हवा चार महिन्यांत पुरेसं नुकसान करते.

शेवटची चाचणी धक्क्यावर

बोट बांधलेली, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. एक जण सुकाणूजवळ, एक खाली. खालच्याने टेम्परेचरची तार ब्लॉकला टेकवायची आणि वरच्याने हात वर करायचा. मग इंजिनाचा वेग वाढवून पुन्हा. वरच्याला ऐकू आलं नाही तर बझर हलवा. त्यानंतर एक्झॉस्टच्या सेन्सरची डायोडकडची तार, तशीच.

बंद करतानाही कान द्या. माझ्या इंजिनाला थांबवायची वायर ओढावी लागते. ती ओढली की प्रेशर उतरतं आणि बझर वाजतो. तो ऐकायचा आणि मगच चावी ऑफ करायची. आधी चावी ऑफ केली, तर इंजिन चालूच राहतं आणि अलार्म मात्र मुका होतो. निघताना एकदा आणि परतल्यावर एकदा, असा ऑइलचा बझर रोज दोनदा ऐकू येतो. तापमानाची तार मी महिन्यातून एकदा टेकवून बघतो आणि तारीख लॉगबुकात लिहितो. पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कुठली तार कुठे जाते याचा कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवला आहे. चाळीस वर्षांत तारांचे रंग इतके बदलले गेलेत की रंगांवर विसंबून चालत नाही.